महासंघ, मंडळ, प्राधिकरण : फुटबॉलच्या लेखात कोणता शब्द?

फोंड्याहून प्रश्न
शाळेच्या स्मरणिकेसाठी भारतीय फुटबॉलवर एक लेख आला आहे. ऑल इंडिया फुटबॉल फेडरेशनला लेखकाने आधी 'महासंघ' म्हटले, मग 'नियामक मंडळ', पुढे 'शिखर संस्था' आणि एके ठिकाणी चक्क 'प्राधिकरण'. चारही चालतात की तीन काढून टाकू?

मडगाव
बाई, 'प्राधिकरण' आधी काढा. ते सरकारचे. आपले गोवा क्रीडा प्राधिकरण असो की १९८४ चे भारतीय क्रीडा प्राधिकरण, दोन्ही सरकारच्या पंखाखाली चालतात. फुटबॉलची फेडरेशन सरकारने काढलेली नाही. २३ जून १९३७ रोजी सहा प्रांतांच्या फुटबॉल संघटनांचे प्रतिनिधी सिमल्याला लष्कराच्या मुख्यालयात जमले आणि तिथे ती जन्मली. संघटनांची मिळून झालेली संघटना, म्हणून 'महासंघ' हाच नेमका शब्द.

आणखी एक सोय आहे. खेळाच्या बातमीत 'संघ' म्हणजे अकरा खेळाडू. 'भारतीय फुटबॉल संघ' मैदानात उतरतो, 'महासंघ' दिल्लीतून त्याचा प्रशिक्षक नेमतो. 'महा' गाळला की वाक्याचा अर्थच बदलतो.

म्हापसा
मग क्रिकेटला 'नियामक मंडळ' का? तिथेही राज्यांच्याच संघटना सदस्य आहेत, गोवा क्रिकेट संघटना त्यांतलीच.

मडगाव
बरोबर, रचना तीच. पण १९२८ साली नाव ठेवतानाच त्यात 'बोर्ड' आणि 'कंट्रोल' आले, मराठीने ते 'नियामक मंडळ' म्हणून उचलले. विशेषनाम जसे रुळले तसे लिहावे. फुटबॉलला मात्र ते उसने देऊ नका. 'शिखर संस्था' हे नाव नव्हे, वर्णन आहे. लेखात एकदा येऊ द्या.

म्हापसा
'महामंडळ' कसे वाटते? साहित्य महामंडळही घटक संस्थांचेच आहे की.

मडगाव
गोव्यात? 'फुटबॉल महामंडळ' वाचून लोक कदंब परिवहन महामंडळाची बस शोधतील.

पेडणे
'नियामक' वर माझी वेगळी हरकत आहे. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याने महासंघांना मान्यता देण्यासाठी राष्ट्रीय क्रीडा मंडळाची तरतूद केली आहे. म्हणजे महासंघांवर नजर ठेवणारे खरेखुरे 'मंडळ' आता कायद्यातच आहे. त्यामुळे फुटबॉल महासंघाला 'मंडळ' म्हणणे आणखी घोटाळ्याचे.

पणजी
क्रीडापानावर काम केले आहे, म्हणून थोडे लांबवतो. खरा गोंधळ नावात नाही, नावाभोवतीच्या शब्दांत आहे. २०२२ चा ऑगस्ट आठवा. महासंघाची निवडणूक रखडली होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्यात कारभार प्रशासकांच्या समितीकडे दिला. फिफाने ऑगस्टच्या मध्यावर महासंघाला निलंबित केले. मथळे आले, 'भारतीय फुटबॉलवर बंदी'. बंदी नव्हती, निलंबन होते, आणि तेही महासंघाचे. परिणाम मात्र खेळाडूंनी भोगला. गोकुलम केरळचा महिला संघ आशियाई क्लब स्पर्धेसाठी ताश्कंदला पोचलेला होता, तो न खेळता परतला. सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचे यजमानपदही टांगणीला लागले, आणि त्यातले सामने आपल्या गोव्यात फातोर्ड्याला होते. न्यायालयाने समिती बरखास्त केली, २६ ऑगस्टला निलंबन उठले, ऑक्टोबरमध्ये स्पर्धा झाली.

फिफाचे कारण मराठीत आले ते 'त्रयस्थांचा अवाजवी हस्तक्षेप' असे. हा शब्द मला तेव्हाही खटकला. त्रयस्थ म्हणजे कुणाची बाजू न घेणारा. 'त्रयस्थपणे पाहा' हा आपल्याकडे चांगला सल्ला आहे. हस्तक्षेप करतो तो त्रयस्थ कसला? 'तिऱ्हाईत' हवे होते, किंवा सरळ 'बाहेरच्यांचा'.

डिचोली
पण न्यायालयाने नेमलेले लोक बाहेरचे कसे? इतक्या साध्या गोष्टीवर फिफाने एवढे का ताणावे?

पणजी
आपल्या देवस्थानांवरून बघा. महाजन, म्हणजे देवस्थानाचे वंशपरंपरागत सदस्य, समिती निवडतात, प्रशासक म्हणून मामलेदार हा तालुक्याचा सरकारी अधिकारी असतो, आणि तंटा झाला की लोक त्याच्याकडे धावतात. इथे ते रूढच आहे. फिफाच्या नियमात मात्र तसा मामलेदार बसत नाही. महासंघाचा कारभार त्याच्या सदस्यांनी निवडलेल्यांनीच चालवायचा, मग वरून येणारा सरकारचा असो की न्यायालयाचा. निवडणूक वेळेवर न घेणाऱ्यांना हा नियम किती सोयीचा पडतो, हे वेगळे सांगायला नको. २ सप्टेंबरला निवडणूक झाली, कल्याण चौबे ३३ विरुद्ध १ मतांनी अध्यक्ष झाले. हरले ते बायचुंग भुतिया, भारताचे माजी कर्णधार. मतदार राज्य संघटना होत्या. 'संघटनांचा संघ' म्हणजे काय ते या आकड्यात दिसते.

मडगाव
राज्य पातळीवर 'संघटना' आणि देशपातळीवर 'महासंघ', ही वाटणी गोव्यातल्या वृत्तपत्रांत पक्की आहे. 'गोवा फुटबॉल महासंघ' कुणी लिहीत नाही. ती संघटना १९५९ ची, पोर्तुगीज अमदानीतली, म्हणून मूळ नावात 'असोसियासांव'. भारतीय महासंघाची घटक होणे मुक्तीनंतरच शक्य होते.

फोंड्याहून
देव बरें करूं सगळ्यांचें. 'महासंघ' ठेवते. आता एक वाक्य उरले: 'महासंघाला १९४८ मध्ये फिफाची मान्यता मिळाली.' हे चालेल?

पेडणे
'मान्यता' सरकारकडून मिळते, ती गेली तर अनुदान आणि सरकारी सवलती अडतात. फिफाशी असते ती संलग्नता.

पणजी
शाळेच्या मुलांना 'संलग्नता' जड जाईल. 'महासंघ १९४८ मध्ये फिफाचा सदस्य झाला' एवढे लिहा. आणि पुढे १९५४ चा आशियाई महासंघ येत असेल, तर तिथे भारत 'संस्थापक सदस्य' आहे, नुसता सदस्य नव्हे.