मदत हवी आहे: जर्मनीचा गिऱ्हाईक बोल्टमधला कार्बन विचारायलाय, वायर रॉडचा आकडा आणायचा कुठून?

नमस्कार मंडळी. वाळूज एमआयडीसीत माझ्या मामांचं छोटं युनिट आहे, बोल्ट आणि स्टड बनवतो आम्ही, एक्स्पोर्टची कागदपत्रं आणि बिलं मी बघते. बराचसा माल इथल्याच गाडीवाल्या कंपन्यांच्या व्हेंडरना जातो, पण थोडा जर्मनीच्या एका डिस्ट्रिब्युटरला जातो आणि तिथला पैसा वेळेवर येतो म्हणून मामांचा त्या ऑर्डरवर लई जीव आहे.

आता त्यांचा मेल आलाय की १ जानेवारी २०२६ पासून सीबॅम पक्का लागू झाला, तुमच्या एक टन मालामागं किती टन कार्बन डायऑक्साइड निघतो ते भरून द्या, नाही दिलं तर आम्हाला डिफॉल्ट, म्हणजे युरोपनं आधीच ठरवून ठेवलेला आकडा लावावा लागेल आणि तो फरक तुमच्या रेटमधून वजा होईल. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, युरोपात बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि विजेवर सीबॅम हे कार्बनचं शुल्क आहे. ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहितीच द्यायची होती, आता पैशाचा हिशोब सुरू झालाय. बोल्ट कस्टमच्या ७३१८ कोडमध्ये येतात, म्हणजे आम्ही त्यात बसतोच.

सोबतच्या एक्सेलमध्ये पहिलाच प्रश्न वायर रॉडचा, म्हणजे ज्या पोलादी तारेपासून बोल्ट बनतो तिचा. रॉड आम्ही डीलरकडून घेतो. मिलच्या टेस्ट सर्टिफिकेटवर हीट नंबर असतो, मँगनीज, बोरॉन, टेन्साइल सगळं असतं, पण तो रॉड बनवताना धूर किती निघाला ह्याचं एक अक्षर नसतं. डीलर म्हणतो मिलला विचारा, मिलचं सेल्सचं माणूस म्हणतं तुमची क्वांटिटी किती, आणि क्वांटिटी सांगितली की पुढं उत्तरच येत नाही. आमची हीट ट्रीटमेंटची भट्टी एलपीजीवर आहे, जनरेटरला डिझेल लागतं, झिंक प्लेटिंग बाहेर जॉबवर्कला देतो, ह्यातलं काय मोजायचं आणि काय नाही?

आणि सगळ्यात घाईचं. एक सोलरवाला मामांना सांगून गेलाय की छतावर पॅनल टाका, मग युरोपचा कार्बन टॅक्स माफ. मामा कर्ज काढायच्या तयारीत आहेत. हे खरं आहे का?

एक सांगते, आम्ही नियमाच्या विरोधात नाही. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, आमचे निम्मे पाहुणे तिकडचेच, हवामान बिघडलं की काय होतं ते मराठवाड्याला कुणी शिकवायला नको. पण ज्या देशात माणशी कार्बन युरोपच्या निम्म्याहून कमी आहे तिथल्या वीस-पंचवीस कामगारांच्या शेडनं हा हिशोब एकट्यानं कसा मांडायचा, ते तरी कुणी सांगा.

भट्टीवाला जालना:
ताई, आधी मामांना कर्जावर सही करू देऊ नका. सोलर टाका, वीजबिल कमी होईल, ते चांगलंच आहे, पण सीबॅममध्ये लोखंड-पोलादासाठी सध्या फक्त थेट निघणारा धूरच धरतात, म्हणजे कोळसा, गॅस, डिझेल जाळल्याचा. विकत घेतलेल्या विजेचा कार्बन पोलादाला लागत नाही (सिमेंट आणि खताला लागतो), मग पॅनलनं त्यात काय कमी होणार? आमच्याकडं पण असे लोक येऊन गेलेत, रोलिंग मिलवाल्यांना तेच सांगायलेत.

दुसरं, बोल्टचा खरा भार रॉडमध्येच आहे. ब्लास्ट फर्नेसचं पोलाद म्हणजे टनामागं दोन टनाच्या वर कार्बन, स्क्रॅप वितळवून केलेलं असेल तर थेट धूर लई कमी, आणि कोळशावरचं स्पंज आयर्न (खनिजापासून न वितळवता केलेलं लोखंड) त्यात जास्त पडलं की परत आकडा चढतो. जालन्यात आम्ही सळईवाले स्क्रॅप आणि स्पंज दोन्ही टाकतो, त्यामुळं हा फरक रोज दिसतो. तुमच्या ग्रेडचा रॉड जालन्यात मिळायचा नाही, पण मिलला एवढं तरी विचारा की रूट कुठला, ब्लास्ट फर्नेस का स्क्रॅप. तुमची स्वतःची भट्टी त्यापुढं किरकोळ आहे, एक किलो एलपीजीला साधारण तीन किलो कार्बन डायऑक्साइड, डिझेलच्या लिटरला पावणेतीनच्या आसपास. गॅसच्या पावत्या महिन्यावार लावून ठेवा, बास.

कागदवाला सिडको:
वरच्या दादांचं बरोबर आहे, थोडी भर घालतो. पुढच्या फिनिशिंगच्या प्रक्रियेतला कार्बन काही मालासाठी सीबॅमच्या नियमांतल्या २०२५ च्या बदलात मोजणीतून काढलाय, तेव्हा प्लेटिंगच्या मागं लागण्याआधी गिऱ्हाइकाला आठ आकडी कोड टाकून लेखी विचारा की ह्या कोडला नेमकं काय भरायचं.

त्याच बदलात ५० टनाची सूट आली. वर्षात ५० टनापेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला सीबॅम नाही. पण हे वजन आयातदाराचं मोजतात, तुमचं नाही, तो चीन-तैवानहून आणतो ते पण त्यातच, आणि डिस्ट्रिब्युटर म्हटल्यावर तो वरच असणार. आपण दहाच टन पाठवतो म्हणून सुटलो असं इथं बरेच जण धरून चाललेत, त्यांनी जपून राहावं.

अजून एक गैरसमज ऐकायला मिळतो की यंदा अडीच टक्केच लागणार. युरोपच्या कारखान्यांना कार्बन सोडायचा जो फुकट कोटा मिळतो तो २०२६ मध्ये अडीच टक्क्यांनी कमी झाला आणि २०३४ पर्यंत शून्य होणार, तेवढ्या प्रमाणात आपल्या मालाला पण सूट आहे. पण ही सूट त्यांनी ठरवलेल्या बेंचमार्कपुरतीच, म्हणजे टनामागं ठरवून दिलेल्या कार्बनपुरतीच. त्याच्या वर तुमच्या पोलादाचा जेवढा कार्बन असेल त्यावर पहिल्या वर्षीच पूर्ण पैसे. डिफॉल्ट आकडा मुद्दाम वाढवून ठेवलेला असतो, म्हणून खरा आकडा मिळवण्यात अर्थ आहे. मात्र खरा आकडा दिला तर तो मान्यताप्राप्त व्हेरिफायरकडून तपासून घ्यावा लागतो, त्याची फी आणि डिफॉल्टनं होणारं नुकसान दोन्ही मांडून बघा. २०२६ च्या मालाचं डिक्लरेशन आयातदारानं ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचंय, आयातदारानं कार्बनपोटी विकत घ्यायच्या सीबॅम सर्टिफिकेटची विक्रीच फेब्रुवारी २०२७ ला सुरू होणार, तेव्हा आजच रेट पाडून देऊ नका.

धागाकर्ती:
दोघांचे मनापासून आभार. मामांना आत्ताच वाचून दाखवलं, सोलरचं कोटेशन बाजूला ठेवलंय. एक विचारायचं राहिलं, हेडिंग आणि थ्रेडिंगमध्ये (बोल्टचं डोकं आणि आटे पाडताना) जो तुकडा-भंगार निघतो तो रॉडमधून वजा करायचा का?

कागदवाला सिडको:
नाही. एक टन बोल्टला जेवढा रॉड मशीनला लागला तेवढा सगळा धरायचा, भंगारासकट. म्हणून वाया जाणं कमी केलं तर तुमचा आकडा खरोखर उतरतो. तुमच्या हातात असलेली गोष्ट तेवढीच आहे बघा.

परभणीचा मास्तर:
मी अर्थशास्त्र शिकवतो, कारखान्यातलं मला कळत नाही, पण एक बाजू मांडतो. माल कसा बनला ह्यावरून आयात अडवायचा वाद जुना आहे, कासवं वाचवायच्या नावाखाली अमेरिकेनं कोळंबी अडवली तेव्हा भारत, मलेशिया, पाकिस्तान आणि थायलंड मिळून जागतिक व्यापार संघटनेत गेले होते, १९९८ चा निकाल आहे. सीबॅमवर पण भारत तिथं आक्षेप घेतच आलाय. पण सीबॅमच्याच नियमात आहे की माल बनला त्या देशात कार्बनची किंमत भरली असेल तर ती वजा मिळते. आपल्याकडं कार्बन क्रेडिट ट्रेडिंग स्कीम, म्हणजे कार्बन क्रेडिटच्या खरेदी-विक्रीची योजना, जून २०२३ ला अधिसूचित झाली आणि लोखंड-पोलाद तिच्या यादीत आहे. ती नीट चालली तर तोच पैसा ब्रसेल्सला जाण्याऐवजी इथं राहील आणि इथल्याच भट्ट्या सुधारायला वापरता येईल. माझ्या मते सरकारकडं मागायची गोष्ट ही आहे, नुसता निषेध करून ताईंच्या मामांचा रेट वाचणार नाही.

भट्टीवाला जालना:
सर, आपल्या सरकारची ग्रीन स्टीलची व्याख्या पण डिसेंबर २०२४ ला आली की, टनामागं २.२ टन कार्बनच्या खाली असेल तर ग्रीन, १.६ च्या खाली पाच स्टार. पण तिथं वीज धरतात आणि युरोप धरत नाही, म्हणजे एकाच भट्टीच्या दोन वह्या लिहायच्या. लहान माणसाला हे जड जातं.

धागाकर्ती:
सर, पटलं. दोन वह्या लिहायची पण तयारी आहे, पहिल्या वहीतला पहिला आकडा तरी मिळू द्या.

तर आता एवढीच मदत हवीय. वाळूज, शेंद्रा, चिकलठाण्यात अजून कोण कोण रॉड घेऊन युरोपला फास्टनर पाठवायलेत? आमच्या एकट्याच्या मेलला मिल उत्तर देत नाही, पण दहा-बारा युनिटचं टनेज एका पत्रावर आलं आणि ते मसिआमार्फत (मराठवाड्यातल्या लहान उद्योगांची संघटना) गेलं तर द्यावं लागेल. पत्राचा मसुदा मी करते. ज्यांना सही करायचीय त्यांनी रॉडची ग्रेड आणि वर्षाचे अंदाजे टन इथं टाका, कंपनीचं नाव टाकायची गरज नाही. मार्च एंडच्या आधी पत्र निघायला पाहिजे, एप्रिलमध्ये मिलचे नवीन रेट लागतात.