पुढचं पाणी यायच्या आधीच हौद तळाला, पाणी जातंय कुठं?

गारखेड्याची_सून:
नमस्कार मंडळी, संभाजीनगरला राहतो आम्ही, घरात पाच माणसं. नळाला पाणी कधी सहाव्या दिवशी तर कधी आठव्या, नाथसागर (जायकवाडी धरण) काठोकाठ भरला तरी आपली पाळी काही बदलत नाही ते सोडा. खाली ३००० लिटरचा हौद, वर १००० ची टाकी, शिवाय पिण्याचे दोन ड्रम वेगळे. पण पाळी आठ दिवसांवर गेली की सहाव्या दिवशीच मोटर हवा ओढायला लागते आणि मग टँकरवाल्याच्या मिनतवाऱ्या. मी भांडी घासताना नळ बंद ठेवते, शॉवर कोणी वापरत नाही, पोर्च धुणं तर कधीच सोडलंय, आता अजून काय कमी करू? आणि दुसरं म्हणजे पाणी आलं रे आलं की सासूबाई ड्रममधलं उरलेलं पाणी शिळं झालं म्हणून मोरीत ओततात, जीव तुटतो पण बोलायचं कसं. आरओचं वेस्ट पाणी झाडांना चालतं का तेही सांगा, कुंड्या बऱ्याच आहेत.

हिशोबी_माणूस:
ताई आधी गणित बघा. ४००० लिटर सहा दिवसांत संपतं म्हणजे माणशी रोज १३३ लिटर झालं. ही काही उधळपट्टी नाही हो, शहरात पाणीपुरवठ्याचं नियोजन करताना माणशी १३५ लिटरच धरतात. फक्त तुम्हाला आठ दिवस काढायचेत म्हणजे माणशी १०० त बसवायचंय, घरातून रोज दीडशे-पावणेदोनशे लिटर कुठून तरी कापावं लागेल. भांडी घासताना नळ बंद वगैरे ठीकच आहे पण तेवढ्याने हा आकडा निघत नाही.

संडासाकडे बघा. जुन्या टाक्या एका फ्लशला दहा लिटर किंवा जास्तच सोडतात. पाच माणसं, प्रत्येकी दिवसातून पाच वेळा धरलं तरी २५० लिटर, म्हणजे तुमचा निम्मा कोटा तिथेच वाहून गेला, आणि तेही प्यायच्या दर्जाचं पाणी. नवीन डबल बटणवाल्यात लहान बटणाला तीन आणि मोठ्याला सहा लिटर लागतं. टाकी बदलायची नसेल तर वाळू भरून झाकण घट्ट लावलेली लिटरची बाटली आत उभी करा, दर फ्लशला लिटरभर वाचेल. वीट ठेवू नका, ती झिजून तिचा चुरा वॉशरमध्ये जातो. आणि लघवीला फ्लश न करता मगाने पाणी टाकायची सवय लावली तर सगळ्यात जास्त फरक तिथे पडेल, फुकटात.

पाईपफिटिंग_दादा:
वरच्यांचं बरोबर आहे पण वापराच्या आधी गळती बघा. फ्लशच्या टाकीत नीळ टाका, उजालाचे पाच-सहा थेंब बास, अर्धा तास कोणाला संडासात जाऊ देऊ नका. भांड्यात निळं उतरलं की समजायचं खालचा वॉशर गेलाय. आवाज येत नाही, धार दिसत नाही, त्यामुळे महिनोन्महिने कळतच नाही. थेंब थेंब गळणारा साधा नळसुद्धा दिवसाला वीसेक लिटर खातो आणि फ्लशची गळती त्याहून मोठी असते.

मग हौद. रात्री झोपताना मोटर बंद, हौदातून जो काही नळ असेल तो बंद, आणि पाण्याच्या पातळीला आतून खडूने रेघ मारा. सकाळी बघा. पाच बाय पाच फुटाचा हौद असेल तर एक इंच उतरला म्हणजे साधारण ६० लिटर गेलं. जुन्या हौदाच्या कोपऱ्यात चिरा असतात, पाणी जमिनीत मुरतं आणि आपण घरातल्या बायकांना बोलतो.

बाळापूरचा_वैतागलेला:
सगळं आपणच वाचवायचं, मगाने मोजून पाणी टाकायचं, आणि कोपऱ्यावरची फुटलेली पाईपलाईन चार-चार दिवस वाहत राहणार. चालू द्या.

लातूरकर_९०:
दादा राग बरोबर हाय तुमचा पण पाईपलाईन दुरुस्त होईस्तोवर घरात पाणी तर लागणारच ना. २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं लातूरला, ते दिवस काढलेत आम्ही. आमच्या गल्लीत एक म्हातारे बाजेवर बसून अंघोळ करायचे, खाली मोठं घमेलं, ते पाणी मग संडासाला. लोक हसायचे, नंतर तेच करायलेत. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, फुल्ली ऑटोमॅटिक मशीन असेल तर तिचा पाईप मोरीत न सोडता ड्रममध्ये सोडा. पहिलं साबणाचं पाणी संडासाला, शेवटच्या खळखळण्याचं फरशीला किंवा पुढच्या लोडचे कपडे भिजवायला. वरून भरणाऱ्या मशीनला एका लोडला शंभर लिटरच्या आसपास जातंच, ते सगळं गटारात कशाला. आणि चादरी-पडद्याचं धुणं नळ चालू असतो त्याच दिवशी उरका.

कुंडीवाली_मावशी:
आरओचं सांगते. एक लिटर गाळायला दोन-तीन लिटर बाहेर टाकतं ते, आणि त्या पाण्यात क्षार जास्त असतात. अधूनमधून मोठ्या झाडाला घातलं तर काही होत नाही पण कुंड्यांना रोज घातलंत तर मातीवर पांढरी पापडी येते, पानांच्या कडा करपतात. त्यापेक्षा ते फरशी पुसायला, संडासाला वापरा. कुंड्यांना तांदूळ-डाळीचं धुवण घाला, भाजी धुतलेलं घाला, त्यांना तेच मानवतं. कूलरमध्ये मात्र आरओचं हे वेस्ट पाणी मुळीच घालू नका, जाळीवर क्षारांचे थर बसतात आणि वारा गार येत नाही. (कूलर आहे ना तुमच्याकडे? आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात मोठा कूलर दिवसभर चालला की पन्नास-साठ लिटर सहज पितो, ते पण हिशोबात धरा.) शिवाय नळाच्या पाण्याचा टीडीएस (म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार) एकदा मोजून घ्या, पाचशेच्या आत असेल तर आरओ लागतच नाही, साध्या यूव्हीवर (किरणांनी जंतू मारणाऱ्या फिल्टरवर) भागतं आणि वेस्ट पाण्याचा प्रश्नच मिटतो.

सासूबाईंना पाणी शिळं होत नाही वगैरे शिकवायला जाऊ नका, भांडण होईल. आणि खरं तर ड्रम आठवड्यातून एकदा रिकामा करायलाच हवा, डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच अंडी घालतो, ती कडेला चिकटून कोरड्यातही टिकतात, म्हणून ड्रम आतून घासायचा. पाणी यायच्या आदल्या दिवशी तुम्हीच म्हणा, आई आज ड्रममधलंच पाणी अंघोळीला आणि धुण्याला घेऊ, उद्या ड्रम घासायचाय. ओतायला उरतच नाही काही.

गारखेड्याची_सून:
मावशी हे भारी आहे, उद्यापासूनच. कूलर दोन आहेत हो, त्याचा विचारच केला नव्हता कोणी. आणि पाईपफिटिंग दादा, आत्ताच नीळ टाकून बघितली, वरच्या संडासात काही नाही पण खालच्यात दहा मिनिटांत भांडं निळं झालं!! हौदाची रेघ आज रात्री मारते. वॉशर घरी बसवता येतो का की माणूस बोलवू?

पाईपफिटिंग_दादा:
घरी होतो. टाकीचा कॉक बंद करा, फ्लश करून टाकी रिकामी करा, आतला जुना वॉशर काढून तोच सोबत दुकानात घेऊन जा कारण कंपनीगणिक मापं वेगळी असतात, अंदाजाने आणलेला बसत नाही. तो जिथे टेकतो ती कड बोटाने चाचपून बघा, क्षार साचून खडबडीत झाली असेल तर व्हिनेगर लावून घासा, नाहीतर नवा वॉशरपण गळेल. माणूस बोलावलात तर अख्खी टाकी बदला म्हणेल, टाकी फुटलेली नसेल तर ऐकू नका. आणि बॉलकॉकची (टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या गोळ्याची) दांडी थोडी खाली वाकवा, म्हणजे टाकी मुळात भरेलच कमी.