असेंबल्ड पीसीवर ओपीएनसेन्स टाकतोय, दोनपैकी एकच लॅन पोर्ट दिसतोय

दुकानदार_०७: नमस्कार मंडळी, पडून असलेला असेंबल्ड पीसी आहे, रायझन ५६००जी, बी५५० बोर्ड, ८ जीबी रॅम. त्यावर ओपीएनसेन्स (फायरवॉलचं मोफत सॉफ्टवेअर) टाकून त्याला दुकानात फायरवॉल करायचंय, कारण बिलिंगचा पीसी आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारा डबा) एकाच नेटवर्कवर आहेत ते मला अजिबात पटत नाही. व्हीजीए इमेज (साध्या स्क्रीनवरून इन्स्टॉल करायची फाइल) पेनड्राइव्हवर टाकली, आधी बूटच होईना, मग बायोसमध्ये सिक्युअर बूट बंद केल्यावर सुरू झालं. आता इंटरफेस (म्हणजे कुठला नेटवर्क पोर्ट) विचारतो तिथे फक्त आरई० (re0) येतंय, ते स्लॉटमधलं गिगाबिट कार्ड आहे. बोर्डवरचा २.५ जीचा पोर्ट यादीतच नाही, विंडोजमध्ये व्यवस्थित चालायचा. वॅन (इंटरनेटची बाजू) आणि लॅन (दुकानातलं नेटवर्क) दोन्ही लागणार म्हणून इथेच गाडी अडलीय. पोर्ट गेला का?

पॅकेट_पाटील: पोर्ट ठणठणीत असणार भाऊ. शेलमध्ये (कमांड टाइप करायची जागा) पीसीआयकॉन्फ -एलव्ही (pciconf -lv) मारा, रिअलटेक ८१२५ म्हणजे २.५ जी पोर्टच्या चिपच्या ओळीच्या सुरुवातीला नन० (none0) असं दिसलं तर चिप सापडलीय पण तिला ड्रायव्हर नाही. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि त्यातला नेहमीचा आरई ड्रायव्हर जुन्या ८१११ ला चालतो, ८१२५ ला नाही.

आता आरई० लाच वॅन द्या, मॉडेमची केबल त्यात लावा आणि आधी डिस्कवर इन्स्टॉल उरकून घ्या, नाहीतर लाइव्ह मोडमध्ये टाकलेलं रीबूटला सगळं जातं. मग कन्सोलवर १२ नंबरने अपडेट, ८ नंबरने शेल, तिथे पीकेजी इन्स्टॉल ओएस-रिअलटेक-आरई (pkg install os-realtek-re, हे ड्रायव्हरचं प्लगिन), आणि रीबूट. त्यानंतर दोन्ही पोर्ट आरई० आणि आरई१ म्हणून येतील पण क्रम बदलू शकतो, म्हणून १ नंबरने परत असाइन करा.

बरं झालं व्हीजीए इमेज घेतलीत, सिरियलवाली (स्क्रीनऐवजी सिरियल केबलवरून चालणारी) घेतली की स्क्रीन मध्येच थांबल्यासारखी दिसते आणि लोक रॅम काढून पुसत बसतात.

केबलवाला_मामा: पाटील म्हणतात ते बरोबरच, पण मी म्हणतो सरळ इंटेलचं आय३५० चार पोर्टवालं कार्ड बघा, जुन्या सर्व्हरमधून निघालेलं मिळतं. ड्रायव्हरची कटकट नाही आणि डीव्हीआरला स्वतंत्र पोर्ट मिळतो, नाहीतर दोन पोर्टांवर डीव्हीआर वेगळा करायला व्हीलॅन (एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं) आणि ते जमणारा मॅनेज्ड स्विच घ्यावाच लागेल. नकली कार्डं खूप फिरतात, चालवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि मॉडेमचा आयपी १९२.१६८.१.१ असेल तर लॅनचा बदला, ओपीएनसेन्सचाही डिफॉल्ट तोच आहे, दोन्हीकडे एकच रेंज राहिली तर नेट चालणार नाही.

दुकानदार_०७: पाटील साहेब, खरंच नन० होतं! प्लगिन टाकल्यावर दोन्ही पोर्ट आले, क्रम उलटा झाला होता, परत असाइन केले. मामा, लॅन १९२.१६८.१०.१ केला, नेट चालू झालं. चार पोर्टवालं कार्ड शोधतोय. डीव्हीआर वेगळ्या पोर्टवर गेला तर मोबाइलवर कॅमेरे दिसतील ना, ते बंद होऊन चालणार नाही.

पॅकेट_पाटील: नवीन इंटरफेसवर एकही रूल (काय जाऊ द्यायचं, काय अडवायचं याचा नियम) नसतो, म्हणजे डीव्हीआरकडून सगळंच ब्लॉक. तुमचं मोबाइल ॲप कंपनीच्या क्लाउडवरून चालत असेल तर दोन रूल पुरतात, पहिला डीव्हीआर ते लॅन ब्लॉक आणि त्याच्या खाली डीव्हीआर ते एनी (कुठेही) पास. खालीवर करू नका, वरचा रूल आधी लागतो. आणि डीव्हीआरसाठी पोर्ट फॉरवर्डिंग (इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत उघडलेली वाट) केलेलं असेल तर ते आजच काढून टाका.