प्रति: माशांत एक्सवाय म्हणजे नर, विषय संपला?

एक्स आणि वाय असे दोन क्रोमोसोम (एक्सवाय) असले की मासा नर, दोन्ही एक्स (एक्सएक्स) असले की मादी आणि विषय संपला, असं वर म्हटलंय, पण एवढं सोपं नाहीये ते. जपानच्या भातशेतीतला मेडाका घ्या, बोटाच्या पेराएवढा मासा, त्याच्या वाय क्रोमोसोमवर नर ठरवणारा डीएमवाय नावाचा जीन आहे (२००२ मध्ये सापडला), आणि गंमत म्हणजे तो डीएमआरटी१ नावाच्या जुन्याच जीनची कॉपी आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर यायच्या थोडं आधी हा जीन चालू होतो, पण जननपेशींत (ज्यांच्यापासून पुढे अंडी किंवा शुक्राणू होतात) नाही हां, त्यांना वेढून बसलेल्या पेशींत! मग जननपेशींचं भराभर वाढणं थांबतं, म्हणून बाहेर येतानाच मादी पिल्लांत त्या जास्त दिसतात आणि नरात कमी. मूळचा डीएमआरटी१ मात्र बराच नंतर, पिल्लू बाहेर आल्यावर साधारण विसाव्या दिवसानंतर कामाला लागतो.

डीएमवाय बिघडलेला असेल तर एक्सवाय असूनही मादीच होते, आणि उलट एक्सएक्स अंडी ३२-३४ डिग्रीच्या गरम पाण्यात वाढवली की त्यातली काही चक्क नर निघतात.

बरं, हाच जीन सगळ्या माशांत असेल म्हणाल तर तेही नाही, मेडाकाच्या फिलिपिन्समधल्या चुलतभावात नर ठरवायचं हे काम जीएसडीएफ नावाचा जीन करतो आणि भारतीय मेडाकात सॉक्स३ नावाचा. झेब्राफिश या प्रयोगांत वापरल्या जाणाऱ्या छोट्या माशाच्या लॅबमधल्या जातींचं तर वेगळंच, तिथे वाय वगैरे भानगडच नाही.