जाफांचा स्टाफ: लढाईचं हत्यार की नुसता धाक?

दंडधारी
'स्टारगेट एसजी-१' या विज्ञानकथा मालिकेच्या पाचव्या सीझनमधला 'द वॉरियर' हा भाग. पृथ्वीच्या पथकाचा प्रमुख ओ'नील बंडखोर जाफांसमोर (जाफा म्हणजे गोआउल्ड या परग्रही मालकांचे सैनिक) त्यांचा स्टाफ, म्हणजे ऊर्जेचा झोत सोडणारा लांब दांडा, आणि पृथ्वीवरची पी-९० ही छोटी स्वयंचलित बंदूक यांची तुलना करतो. दोरीला टांगलेल्या ओंडक्यावर त्याची सहकारी कार्टर पी-९० चालवते आणि निकाल लागतो: स्टाफ दहशतीसाठी, पी-९० जीव घेण्यासाठी. चाहत्यांनी हे ब्रह्मवाक्य मानलंय. मला तो निकाल अर्धाच वाटतो, कारण परीक्षा फक्त नेमबाजीची झाली.

स्टाफ आधी दांडा आहे, मग बंदूक. जाफा योद्धा टील्क आणि त्याचा गुरू ब्राटॅक त्याच्याच लाठीकाठीचा सराव करतात तो काही शोभेसाठी नाही. शत्रू हाताच्या अंतरावर आला की गोळ्या झाडणारा अडचणीत येतो. स्टाफवाला मात्र मागचं जड टोक फिरवून गुडघा किंवा जबडा फोडतो. युरोपात १७००च्या सुमारास संगिनीच्या बंदुकीने भालाईत हद्दपार केले ते याच कारणाने: एकाच माणसाच्या हातात दोन्ही कामं आली. स्टाफ त्याच जातीचा आहे.

नेमका
संगिनीचा दाखला तुमच्यावरच उलटतो. त्या बंदुकीचा दस्ता खांद्याला टेकतो, नळी डोळ्याखाली येते. स्टाफमध्ये यातलं काहीच नाही. तो कमरेजवळ धरायचा, नेमपट्टी नाही, डोळा आणि दांडा एका रेषेत येतच नाहीत.

हिशोब करा. दोन मुठींमध्ये ६० सेंमी अंतर आहे आणि मागची मूठ १ सेंमी सरकली, तर दिशा जवळजवळ १ अंशाने बदलते. १ अंश म्हणजे १५ मीटरवर २६ सेंमी आणि ५० मीटरवर ८७ सेंमी. माणसाची छाती त्याहून अरुंद असते. म्हणजे पन्नास मीटरवर मूठ बोटभर हलली की वार वाया.

शिवाय झाडण्याआधी टोक उघडतं, तेही आवाज करून. समोरच्याला आडोशाला जायला तेवढा इशारा पुरे.

दंडधारी
गणित बरोबर, पण ते दोन्ही बाजूंनी चालतं. मुठी जितक्या लांब, तितका हाताचा तोच कंप कमी अंश हलवतो. पिस्तुलाला हा फायदा मिळत नाही. आणि जाफा पन्नास मीटरवरून एकेकटे लढत नाहीत. स्टारगेटमधून, म्हणजे ग्रहांना जोडणाऱ्या दारातून, फळी बाहेर पडते, सगळे एकदम झाडतात. फळीच्या माऱ्यात एकेकाचा नेम दुय्यम.

कक्षा_नऊ
फळीचं बोलताय तर मागच्या माणसाचाही विचार करा. समजा स्टाफला दुर्बीण बसवली आणि तो खांद्यावर आणला. दांडा दोन मीटरचा, पकड मध्याच्या आसपास, म्हणजे खांद्यामागे जवळपास मीटरभर शेपूट. वळलात की मागच्याच्या तोंडावर. पकड मागे सरकवून शेपूट ४० सेंमीवर आणा, तर सगळं वजन पुढे जातं आणि पुढचा हात मिनिटभरात थरथरतो. म्हणून 'नुसती नेमपट्टी लावा' हा उपाय चालणार नाही. दांडा कापावा लागेल, आणि कापला की दंडधारींचा मुद्दाच संपतो.

जहाजाच्या बोळात आणखी पंचाईत. रुंदी दीड मीटर असेल तर दोन मीटरचा दांडा आडवा फिरतच नाही, फक्त उभा धरून वळावं लागतं. तेवढ्या वेळात ५० सेंमीची पी-९० कोपऱ्यावरून दोनदा डोकावून येते.

नेमका
आणि मिनिटाला ९०० या वेगाने तिचं ५० गोळ्यांचं मॅगझिन साडेतीन सेकंदांच्या आत रिकामं होतं. तेवढ्यात स्टाफचे किती झोत निघतील?

दंडधारी
हेच तर! चौथ्या सेकंदाला पी-९०वाला मॅगझिन बदलतोय. स्टाफची द्रव नाक्वादाची (मालिकेतलं ऊर्जा देणारं खनिज) सेल पाठीवर दारूगोळा न वाहता चालते. पुरवठ्याची साखळी नसलेल्या सैन्याला हा फायदा फार मोठा आहे, त्या भागात त्याचा विचारच झाला नाही. एक झोत बसला की काय होतं ते 'हीरोज' या भागात दिसतं: डॉ. फ्रेझर जागीच जातात, आणि ओ'नील वाचतो तो जाकिटातल्या नव्या कवचामुळे.

कक्षा_नऊ
कवच निघालं म्हणजेच स्टाफचा जोर संपत चालला होता. गोआउल्डच्या कवचधारी कुल योद्ध्यांवर तर तो चालतच नाही. टील्क स्वतः नंतरच्या सीझनमध्ये पी-९० हातात घेतो, यावरून लढणाऱ्याचं मत कळतं.

माझा प्रश्न वेगळा आहे. इतक्या लांब दांड्याला पातं का नाही? माझा तर्क असा: गोआउल्डची वैयक्तिक ढाल झोत आणि वेगवान गोळ्या अडवते, संथ वस्तू आत सोडते. 'सीक्रेट्स' या भागात ओ'नीलने फेकलेला सुरा हेरुउर या गोआउल्डच्या तळहातात घुसतो तो असाच. नोकरांच्या हाती पात्याचा भाला दिला असता तर मालकाच्या छातीपर्यंत तो सहज गेला असता.

दंडधारी
मग बोथट दांडाही जाईलच की. टील्कच्या ताकदीच्या माणसाने बरगडीत ढोसला तर पात्याची गरज कुठे?

नेमका
ढोसायला दोन हातांवर पोचावं लागतं. गोआउल्डच्या हातातल्या यंत्राचा धक्का माणसाला त्याआधीच भिंतीवर फेकतो. सुरा लागला कारण तो लांबून, हेरुउर बेसावध असताना आला. दांडा फेकूनच मारायचा असेल तर त्याचा तोल पुढे हवा, आणि स्टाफचं मागचं टोक जड आहे हे तुम्हीच वर लिहिलंय.