सोमवार ते शुक्रवार रात्रीच्या जेवणाचं प्लॅनिंग कसं करता?

आम्ही दोघंही नोकरी करतो, घरी पोचेपर्यंत सात वाजतात, मुलं ९ आणि ५ वर्षांची, दारातच भूक भूक सुरू होतं. दर रविवारी मी पाच दिवसांचे पाच पदार्थ लिहून काढते, सामान आणते आणि बुधवारपर्यंत सगळं कोलमडतं, कुणाला तरी उशीर होतो नाहीतर ठरवलेल्या पदार्थाला तासभर लागणार असतो आणि अंगात त्राण नसतं, मग बाहेरून मागवतो आणि शुक्रवारी पिवळी पडलेली पालेभाजी टाकून देते, फार जिवाला लागतं ते. साधं, पौष्टिक, अर्ध्या तासात होणारं हवंय. रेसिपी नकोत, पद्धत सांगा. धाकटा नवीन भाजी दिसली की ताट सरकवतो, त्यावरही काही असेल तर सांगा प्लीज.

प्रतिसाद १
पाच पदार्थ ठरवता तिथेच गाडी अडते बघा. मी पदार्थ ठरवत नाही, वार लावते. एक दिवस कडधान्य, एक दिवस अंडी, एक दिवस तांदूळ डाळ भाज्या सगळं एकाच कुकरमध्ये, एक दिवस भरपूर भाज्यांचं सूप आणि शुक्रवारी उरलंसुरलं. कडधान्य म्हणजे मूग की चणे ते घरात काय आहे त्यावर. पण वार लावायच्या आधी एकच बघा, तुम्ही सगळ्यात जास्त दमून कधी येता. त्या दिवशी अंडी. पंधरा मिनिटांत होतात.
पालेभाजी सोमवार मंगळवारीच संपवायची, गाजर कोबी भोपळा नंतरसाठी, ते टिकतात. ताटात अंदाजे अर्ध्या भागात भाज्या, पाव भागात भात किंवा दुसरं धान्य, पाव भागात डाळ अंडी मासे असं काहीतरी, एवढं जमलं की मी वेगळा हिशोब करत नाही.

प्रतिसाद २
कडधान्य दुप्पट शिजवा आणि निम्मं फ्रीजरमध्ये टाका, पुढच्या आठवड्याचा एक दिवस सुटला. चणे राजमा रात्री झोपताना भिजत घालायचे. राजम्याचं भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि ताज्या पाण्यात किमान १० मिनिटं खळाखळा उकळू द्या, कच्चट राहिला तर उलट्या होतात. स्लो कुकरमध्ये थेट टाकू नका, तिथे तेवढं तापत नाही. फ्रोझन मटार बिनधास्त वापरा, काढणीनंतर लगेच गोठवतात त्यामुळे पोषणात ताज्यापेक्षा फारसे कमी नसतात.

मूळ प्रश्नकर्ती
वार लावायचं डोक्यातच आलं नव्हतं! मग रविवारीच आठवड्याचा भात करून ठेवला तर?

प्रतिसाद २
भात नको. तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवल्यावरही जिवंत राहतात, भात बाहेर राहिला की ते वाढतात आणि विष तयार करतात, ते नंतर गरम करूनही जात नाही. उरलेला भात तासाभरात पसरट डब्यात घालून फ्रीजमध्ये, दुसऱ्या दिवशी चांगला वाफ येईपर्यंत गरम करून संपवा. बाकी शिजवलेल्या भाज्या, कडधान्य, चिकन लगेच फ्रीजमध्ये गेलं तर ३-४ दिवस चालतं.

प्रतिसाद ३
धाकट्याबद्दल लिहिते, कारण आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं होतं. काही मुलांना नवीन भाजी दहा पंधरा वेळा समोर यावी लागते तेव्हा कुठे ती तोंडात घालतात, आणि आपण दोन वेळा नको म्हटलं की करणं सोडतो. त्याच्यासाठी वेगळं जेवण करू नका, पण टेबलावर त्याला आवडणारी एक तरी गोष्ट ठेवा. काय आणि कधी ते आपण ठरवायचं, किती खायचं ते त्याने. "एक घास तरी खा" बंद केलं तेव्हा आमच्या मुलीने आपणहून गाजर उचललं, मला रडूच आलं होतं. आणि घरी आल्या आल्या काकडी गाजर कापून समोर ठेवा, कडकडून भूक असते तेव्हा भाज्या सहज जातात.

मूळ प्रश्नकर्ती
मनापासून थँक्यू सगळ्यांना. बुधवारी अंडी ठरली, मंगळवारी पालेभाजी संपणार, आणि आत्ताच उठून चणे भिजत घातले.