वल्हांडण : ओलांडणारा कोण, आणि ओलांडतो काय?

शब्दवेडा

मराठी बायबलात ‘वल्हांडण सण’ हा शब्द पानोपानी येतो. रोजच्या बोलण्यात तो कुठेच ऐकू येत नाही. तीन शंका आहेत. पहिली, याचा ‘वल्हे’ या शब्दाशी काही संबंध आहे का? दुसरी, ख्रिस्ती लेखनात ‘ख्रिस्त हा आमचा वल्हांडण’ अशी रचना दिसते. सण म्हणजे एखादी व्यक्ती, हे मराठीत कसे बसते? तिसरी, काही जण ईस्टरलाही वल्हांडण म्हणतात, ते बरोबर का?

टीपकार

वल्ह्याशी काही संबंध नाही. वलांडणे किंवा वल्हांडणे हे ‘ओलांडणे’चेच जुने रूप. त्याचे नाम वल्हांडण. हिब्रू सणाचे नाव पेसह. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या १२व्या अध्यायात त्याचे क्रियापद ‘पासह’ असे येते. मिसर देशातले प्रथमजन्मलेले मारले जात असताना ज्या दारांवर रक्त लावलेले आहे ती घरे परमेश्वर ओलांडून पुढे जातो, असा तो प्रसंग. भाषांतरकारांनी क्रियापदाला ‘ओलांडणे’ घेतले आणि सणाला त्याचेच जुने रूप दिले. क्रियापद आणि सणाचे नाव एकाच मुळातून यावे हा हिब्रूतला खेळ त्यामुळे मराठीत टिकला. ग्रीकमध्ये तो टिकला नव्हता: तिथे सणाचे नाव अरामी वळणाने ‘पास्खा’ असेच ठेवले आणि क्रियापद मात्र वेगळे वापरले.

दुसऱ्या शंकेचे उत्तर आपल्याच काव्यशास्त्रात आहे: ही लक्षणा, म्हणजे शब्दाचा त्याच्याशी जोडलेला दुसरा अर्थ घेणे. ‘पेसह’ हा शब्द सणाला, जेवणाला आणि त्या दिवशी कापायच्या पशूला असा तिन्ही ठिकाणी चालतो. निर्गम १२:२१ मध्ये मोशे वडीलधाऱ्यांना शब्दशः ‘पेसह कापा’ असे सांगतो. सण कोणी कापत नाही; पशूच कापायचा. १ करिंथ ५:७ मध्ये पौलाने ख्रिस्ताबद्दल लिहिले ते याच तिसऱ्या अर्थाने. म्हणून मराठीत ‘वल्हांडणाचा यज्ञपशू’ असे फोडून लिहिलेले बरे. नुसते ‘ख्रिस्त हा आमचा वल्हांडण’ छापले की वाचक अडखळतो, आणि त्यात वाचकाची चूक नसते.

कोकणपट्टी

‘ओलांडणे’ हा शब्द मला इथे थोडा खटकतो. आपल्याकडे झोपलेल्या माणसाला ओलांडत नाहीत, लहान मुलाला ओलांडले तर त्याची वाढ खुंटते म्हणतात. देव म्हणतो ‘मी तुम्हांला ओलांडून जाईन’, आणि ते वरदान! मराठी कानाला हे उलटे वाटते.

टीपकार

खटकते ते अगदी बरोबर जागी. त्या हिब्रू क्रियापदाच्या अर्थाबद्दलच जुना वाद आहे.

‘पासह’ म्हणजे उडी मारून पलीकडे जाणे, ही एक बाजू. त्याच अक्षरांचा शब्द लंगडण्यासाठीही येतो: १ राजे १८:२१ मध्ये एलीया लोकांना दोन मतांमध्ये लंगडत राहू नका असे म्हणतो, तिथे हेच मूळ आहे. दुसरी बाजू यशया ३१:५ ची. तिथे पक्षी घिरट्या घालतात तसा परमेश्वर यरुशलेमेचे रक्षण करील असे आहे, आणि रक्षणाच्या शब्दांच्या रांगेत ‘पासह’ बसवला आहे. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतराने, म्हणजे सप्ततीने, निर्गम १२:१३ मध्ये ‘मी तुम्हांला आडोसा देईन’ अशा अर्थाचे क्रियापद घातले; त्याच अध्यायात २३व्या वचनात मात्र ‘बाजूने निघून जाईल’ असे. म्हणजे एकाच अध्यायात दोन्ही अर्थ.

२३वे वचन नीट वाचले तर आडोशाचा अर्थ जास्त पटतो. परमेश्वर त्या दारावर ‘पासह’ करतो आणि ‘नाश करणाऱ्याला’ आत शिरू देत नाही. नुसता पुढे निघून गेला असता तर दुसऱ्याला अडवले कसे असते? तो दारावर पाखर धरून उभा आहे असेच चित्र दिसते. माझ्या मते ‘ओलांडणे’ चुकीचे नाही, पण अपुरे आहे. ‘पाखर’ हा शब्द मराठीत नेमका या जागी चालला असता; आता वल्हांडण रूढ झाला आहे, त्याला हलवू नये.

योहानवाचक

ख्रिस्ती अर्थ सांगताना आणखी एक घोळ होतो, तो कर्त्याचा. ओलांडतो कोण?

निर्गम १२ मध्ये कर्ता देव, आणि ओलांडली जातात घरे. पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा यहुदी तत्त्वज्ञ फिलो मात्र या सणाला लोकांचे पार जाणे म्हणतो: कर्ता इस्राएल लोक, ओलांडला जातो मिसर देश, आणि रूपकाने देहाच्या वासना. ओरिगेन या ख्रिस्ती भाष्यकाराने तिसऱ्या शतकात तीच वाट धरली. त्याआधी, दुसऱ्या शतकात, सार्दीसचा बिशप मेलितो याने ‘पास्खा’चा संबंध ग्रीक ‘पास्खेइन’ म्हणजे दुःख सोसणे याच्याशी जोडला होता. ध्वनी जुळतो, व्युत्पत्ती जुळत नाही. एक शब्द अरामी, दुसरा ग्रीक. ओरिगेनने ही चूक दाखवून दिली, तरी प्रवचनांतून ती आजही डोके वर काढते. लॅटिन परंपरेत ऑगस्टीनने दोन्ही टोके बांधली ती योहान १३:१ च्या आधारे: वल्हांडणापूर्वी येशूला कळते की या जगातून पित्याकडे जायची वेळ आली. इथे कर्ता ख्रिस्त, आणि ओलांडले जाते ते जग.

मराठीचा फायदा असा की उंबरठा, समुद्र, सीमा, संकट यांतले काहीही ओलांडता येते, त्यामुळे एकच क्रियापद तिन्ही अर्थांना पुरते. तोटाही तोच. ‘वल्हांडण म्हणजे मरणाकडून जीवनाकडे ओलांडणे’ असे लिहिले की तो मूळ अध्यायाचा अर्थ आहे असे वाटते. तो नंतरचा ख्रिस्ती अर्थ आहे, आणि तसे सांगून लिहावे.

शब्दवेडा

ख्रिस्ताला वल्हांडणाचे कोकरू म्हणतात, मग त्या ‘कोकरा’चे काय? प्रवचनांत बारीकसारीक जुळवणी ऐकायला मिळते. त्यातली कोणती ग्रंथात आहे, कोणती मागाहून जोडलेली?

योहानवाचक

आधी विधी पाहा. निसान या यहुदी महिन्याच्या १० तारखेला पशू निवडायचा, १४ तारखेपर्यंत राखायचा, संध्याकाळी कापायचा. नर, एक वर्षाचा, निर्दोष. मेंढरांतला किंवा शेरडांतला, दोन्ही चालतात; म्हणजे ‘कोकरू’ हा शब्दही थोडा अरुंदच, करडूही चालते. एजोब या झुडुपाची जुडी रक्तात बुडवून दोन्ही दारबाह्यांना आणि वरच्या चौकटीला लावायचे. मांस विस्तवावर भाजायचे, कच्चे किंवा पाण्यात शिजवलेले खायचे नाही. हाड मोडायचे नाही. सकाळपर्यंत उरले तर जाळायचे.

नव्या करारात उघडपणे जोडलेले दुवे मोजके आहेत. योहान १९:३६ मध्ये येशूचे पाय मोडले नाहीत, ‘त्याचे हाड मोडणार नाही’ हे शास्त्रवचन पूर्ण व्हावे म्हणून. योहान १९:२९ मध्ये आंब (आंबट द्राक्षारस) भरलेला स्पंज एजोबावर लावून वर धरतात. मार्क आणि मत्तय तिथे बोरू म्हणतात, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तेच सोपे: एजोब ही बहुधा मरव्याच्या जातीची झुडुपवजा वनस्पती, तिला लांब ताठ दांडा नसतो. योहानाने एजोब लिहिले ते निर्गम १२ ची आठवण यावी म्हणून, असे बहुतेक भाष्यकार मानतात. आणि योहान १९:१४: वल्हांडणाच्या तयारीचा दिवस, सुमारे सहावा तास, तेव्हा पिलात निकाल देतो.

इथेच मोठी गाठ आहे. मार्क, मत्तय, लूक यांच्यात शेवटचे भोजन हेच वल्हांडणाचे भोजन. म्हणजे पशू आदल्या दुपारी कापले गेलेले. योहानात भोजन सणाच्या आधीचे, आणि येशू मरतो तो पशू कापायच्या दुपारी. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस मंदिरातल्या कापणीची वेळ नववा ते अकरावा तास, म्हणजे दुपारी साधारण तीन ते पाच, अशी देतो. मार्कात येशूचा प्राण नवव्या तासाला जातो. लोक मार्काचा तास आणि योहानाचा दिवस एकत्र करून ‘अगदी त्याच क्षणी’ असे वाक्य बनवतात. दोन शुभवर्तमाने एका सुईत ओवायची ही युक्ती देखणी आहे, पण ते कोणत्याही एका ग्रंथातले विधान नव्हे.

दुसरी सावधगिरी. निर्गम १२ मधला पशू पापार्पण नाही. त्याचे रक्त ओळखीची खूण आहे. ‘जगाचे पाप हरण करणारा देवाचा कोकरा’ (योहान १:२९) या वाक्यात वल्हांडणाबरोबर यशया ५३ मधला, वधायला नेलेल्या कोकराचा संदर्भ मिसळलेला आहे. ‘वल्हांडणाचे कोकरू पापांसाठी मरत असे’ असे सरसकट लिहू नये.

टीपकार

भाजण्याबद्दल भर घालतो. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या पेसहीम प्रकरणात डाळिंबाच्या लाकडाची सळई सांगितली आहे, तोंडातून घालून आरपार. लोखंडी सळई का नाही? धातू तापतो आणि आतले मांस विस्तवाऐवजी सळईच्या उष्णतेने शिजते. नियम तर विस्तवावर भाजण्याचा. इतर ओली लाकडे पाणी सोडतात, मग मांस उकडले जाते. डाळिंबाचे तसे होत नाही. दुसऱ्या शतकातला युस्तीन हा ख्रिस्ती लेखक दोन सळयांचे वर्णन करतो: एक उभी आणि एक पाठीवरून आडवी, पुढचे पाय अडकवायला. त्यात त्याला क्रूस दिसतो. मिश्नात आडवी सळई नाही. युस्तीनचा जन्म नाब्लुसचा, गरिज्जीम डोंगराच्या पायथ्याचा, तेव्हा त्या डोंगरावर वल्हांडण पाळणाऱ्या शोमरोनी लोकांची पद्धत त्याने पाहिली असणे शक्य आहे.

सांजवात

या सणात खायच्या ‘बेखमीर भाकरी’वर कोणी बोलले नाही. ज्वारीच्या भाकरीत खमीर नसतेच. मग ती आपोआप बेखमीर, असे धरायचे का?

टीपकार

भाषेने हो, विधीने नाही. मिश्ना सांगते की मात्सा, म्हणजे या सणाची बेखमीर भाकर, पाचच धान्यांची होते: गहू, जव आणि त्यांच्या जातीची आणखी तीन. तर्क असा की जे धान्य आंबू शकते त्याचीच बेखमीर भाकर बनते; ज्याला ते फुगणे लाभतच नाही, त्याचे न फुगणे मोजायचे कशाला? ज्वारी, बाजरी, तांदूळ त्यात नाहीत. म्हणजे आपली रोजची भाकर बेखमीर असूनही मात्सा नव्हे.

कृतीही कडक आहे. फक्त पीठ आणि पाणी, आणि पाणी रात्रभर ठेवून गार केलेले. पाणी पिठाला लागल्यापासून १८ मिनिटांत भाजून झाले पाहिजे. मळणे थांबवून पीठ नुसते ठेवले तरी ते बाद होते. लाटल्यावर भोके पाडतात, नाहीतर वाफेने पापुद्रा सुटून फुगतो आणि आत ओले राहते. भट्टी इतकी तापलेली असते की भाजायला मिनिटभरही लागत नाही.

हे सांगायचे कारण असे की अलीकडच्या काही ख्रिस्ती ‘सेदर’ (वल्हांडणाच्या रात्रीचे विधियुक्त भोजन) कार्यक्रमांत मात्सावरच्या रेघा म्हणजे फटक्यांचे वळ आणि भोके म्हणजे खिळ्यांच्या जखमा असे शिकवतात. भोके वाफेसाठी. सरळ रांगांच्या रेघा मुख्यतः यंत्राच्या, आणि मात्साचे यंत्र निघाले १८३८ मध्ये, फ्रान्समध्ये. हाताच्या गोल मात्सावर तशा रेघा सहसा नसतात, करपलेले डाग असतात. तीन मात्सा म्हणजे त्रैक्य, हेही तसेच. दोन अख्ख्या भाकरी सणाच्या आशीर्वादासाठी लागतात आणि एक मोडायला, म्हणून तीन. काही परंपरांत दोनच घेतात. भक्तीसाठी कोणी असे ध्यान करावे, पण ‘येशूच्या काळचे यहुदी हे करीत’ असे म्हणू नये. मिश्नाचे संकलनच इ. स. २०० च्या सुमाराचे आहे.

त्यातल्या त्यात भक्कम दुवे : भोजनानंतरचा ‘आशीर्वादाचा प्याला’ (१ करिंथ १०:१६), जो सेदरच्या चार प्याल्यांतल्या तिसऱ्याशी जुळतो, आणि मार्क १४:२६ मधले स्तोत्र, जे बहुधा हाल्लेलचे, म्हणजे स्तोत्रे ११३ ते ११८ मधले.

कोकणपट्टी

खमीर म्हणजे पाप, हे समीकरण तरी पक्के ना?

योहानवाचक

नाही. १ करिंथ ५ मध्ये खमीर म्हणजे कुवृत्ती, बरोबर. पण मत्तय १३:३३ मध्ये स्वर्गाचे राज्यच खमिरासारखे आहे, आणि लेवीय २३:१७ मध्ये सप्तकांच्या सणाला परमेश्वरापुढे दोन खमीर घातलेल्या भाकरी आणायच्या असतात. संदर्भ पाहूनच अर्थ लावावा. शिवाय ‘खमीर’ म्हणजे डब्यातले यीस्ट नव्हे. आदल्या पिठाचा राखून ठेवलेला आंबट गोळा, विरजणासारखा. तो एका घाण्यातून दुसऱ्यात चालत राहतो, म्हणून पौल ‘जुने खमीर’ म्हणतो आणि साखळी तोडायला सांगतो. यीस्ट डोळ्यांपुढे ठेवले की ‘जुने’ या शब्दाचा जोर जातो.

याच मुद्द्यावर पुढे चर्चमध्येही फूट पडली. पश्चिमेकडच्या चर्चमध्ये ओस्ती, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, बेखमीर. ग्रीक चर्चमध्ये भाकर खमिराची, कारण त्यांना तीत पुनरुत्थित जीवन दिसते. १०५४ च्या भांडणात हा एक मोठा मुद्दा होता.

सांजवात

कोकणातल्या बेने इस्राएल या मराठी बोलणाऱ्या यहुदी लोकांचे या सणाचे मराठी नाव ‘अनशी ढाकायचा सण’ असे नोंदलेले आहे: आंबट रसाचे भांडे झाकून ठेवायचा सण. आंबवलेले दूर ठेवण्याचा विधी एका भांड्याच्या नावात आला. त्यांची हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, मुंबईत १८४६ मध्ये आणि पुण्यात १८७४ मध्ये छापली गेली. पुण्याच्या प्रतीत साड्या नेसलेल्या बायका मात्सा करताना दाखवल्या आहेत. मराठीतला वल्हांडण ख्रिस्ती मंडळींपुरताच आहे असे समजू नये.

टीपकार

महत्त्वाची भर. आता तिसरी शंका राहिली, ईस्टरला वल्हांडण म्हणावे का ही. ग्रीक, लॅटिन, पोर्तुगीज या सगळ्यांत दोन्ही सणांना एकच शब्द आहे. गोव्याच्या कोकणीतले ‘पास्कांचें फेस्त’ म्हणजे ईस्टर, पोर्तुगीज ‘पास्कोआ’वरून. दुसऱ्या शतकात आशिया मायनरमधले ख्रिस्ती १४ निसानलाच पास्खा पाळत, वार कुठलाही असो. रोम रविवारवर अडून होते. ३२५ च्या निकेया परिषदेनंतर रविवारचा पक्ष पक्का झाला. मराठीत मात्र दोन शब्द आहेत आणि ते वेगळेच ठेवावेत: यहुदी सण, मिसरातली रात्र आणि यज्ञपशू यांसाठी ‘वल्हांडण’, ख्रिस्ती रविवारासाठी ‘ईस्टर’ किंवा ‘पुनरुत्थानाचा सण’. जुन्या ग्रीक-लॅटिन प्रवचनांचे भाषांतर करताना दोन्ही अर्थ एकाच वाक्यात येतात, तिथे ‘पास्खा’ तसाच ठेवून पहिल्या वापरात एका वाक्याची टीप द्यावी.

शब्दवेडा

एक उरले: वल्हांडणाच्या जेवणातली ‘कडू भाजी’. कारले, मेथी चालेल का?

टीपकार

कारले नाही, ते फळ. इथे पालेभाजीच हवी. मिश्नाच्या यादीत पहिला मान लेट्यूसच्या जातीला आहे. ताजी पाने, हिरवे किंवा वाळलेले देठ चालतात. लोणचे घातलेली किंवा शिजवलेली भाजी चालत नाही, कारण कडूपणा उतरतो. मेथी त्या यादीत नाही.